न्हाणीवाली

आमच्या आजीने पंढरीची आषाढी कधीच पाहिली नाही. गळ्यात माळ होती, एकादशी चुकत नव्हती, कार्तिकीला एसटीने जाऊन दर्शन घेऊन यायची. पण आषाढी वारीच्या दिवसांत घर सोडणं तिला शक्यच नव्हतं. आमची वस्ती वाल्ह्याजवळ, आणि जेजुरीनंतर माउलींचा मुक्काम वाल्ह्यालाच. सगळी वारी दारात आल्यावर घरची बाई जाणार कुठे?

यंदा मी सासवडपासून दिंडीत चालले. आमच्या खळ्यात वर्षानुवर्षं उतरणारी, परभणीकडची, रथामागची दिंडी. दिवे घाट न चढता मधेच आल्याबद्दल बायकांनी पहिल्याच संध्याकाळी मला सुनावलं. "घाट चुकिवला म्हंजे फुकटची वारी!" असं म्हणत एकीने मला भिशीच्या, म्हणजे दिंडीच्या स्वयंपाकाच्या, तंबूत लसूण सोलायला बसवलं. काही माळकरी कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्या भाजीचं पातेलं निराळं.

पहाटे तीनला टँकरचा नळ सुटला. पुरुषांचं सोपं असतं, टँकरखाली उघड्यावर उभं राहायचं आणि पाच मिनिटांत मोकळं व्हायचं. बायकांनी चिखलात दोन दगड टाकले. दोघींनी पातळाचा आडोसा धरला, तिसरी आत वाकून बसली, चार तांबे अंगावर घेतले की उठली. कोरडं पातळ दातांत धरून ओलं सोडायचं, आणि ते पिळेपर्यंत पुढची आत. उजाडायच्या आत सगळ्यांचं उरकायला हवं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. फिरती शौचालयं आता जागोजाग उभी असतात, ही मोठीच सोय झाली. तरी रांग बघून रात्री पाणीच न पिणाऱ्या बायका मला भेटल्या. वारीवर इतकं लिहिलं जातं. फेटे, रिंगण, ड्रोनवरून काढलेला घाट. हे कुणी फारसं लिहीत नाही.

आडोसा धरता धरता शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?" मी वाल्हे म्हटलं, वस्तीची खूण सांगितली, चिंचेखालचा हौद सांगितला. त्यांच्या हातातलं पातळाचं टोक खाली आलं आणि आतली बाई ओरडली.

"आगं, ती न्हाणीवाली तुझी आज्जी व्हय?"

मला वाटलं होतं, आजी लोकांच्या लक्षात असेल ती भाकरीसाठी. आमच्या घरात तिच्या भाकरीच्याच गोष्टी चालतात. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची, रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, आणि त्याच मिलोच्या भाकरी तिने वारकऱ्यांना वाढल्या. कुणी नाव ठेवलं नाही, हे वडील अजून सांगतात. गावात कुणाकडे मयत झालं की पिठलं-भाकरीची पाटी आमच्याकडून जायची, भावकीत बोलणं बंद असलं तरी. आजोबांचं मटण मात्र तिने कधी शिजवलं नाही. परड्यात तीन दगडांची चूल मांडून ते स्वतःच रांधायचे, आणि ती लांबूनच "मीठ घातलं का?" विचारायची.

पण दिंडीतल्या बायकांना आठवत होती ती न्हाणी. जेजुरी ते वाल्हे टप्पा लहान, दुपारीच मुक्कामाला पोचायला होतं. आळंदीपासूनची धुणी साठलेली असतात, कुणाची पाळी आलेली असते, कुणाच्या मांड्या घासून सोललेल्या असतात. आजी आधीपासून हौद भरून ठेवायची, चुलवणावर तांब्याचा हंडा चढवायची आणि न्हाणीचं दार उघडायची. त्या दिवशी घरातल्या पुरुषांना मागच्या अंगाला फिरकायची बंदी. आजोबांनाही. "कडी आतून लावता यायची गं," मावशी म्हणाल्या. चालत राहिल्या, मग पुन्हा म्हणाल्या, "आतून."

2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजीने तरी हौद घासून भरला. पुढे आठवडाभर ते पाणी म्हशींनी प्यायलं, आणि आजी प्रत्येक म्हशीला माउली म्हणून हाक मारत होती, असं काका सांगतात. काकांचं अर्धंच खरं धरायचं असतं. पुढच्या थंडीत ती गेली.

जेजुरीत अंगावर पडलेला भंडारा घेऊनच आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवर पोचलो. आता तिथे स्लॅबचं घर आहे, फरशीची बाथरूम आहे, जुनी न्हाणी पाडली. काकू दारातच उभी होती आणि तिचा चेहरा मला नीट कळत होता. संडासाची टाकी लहान आहे, गेल्या खेपेला एका दिवसात तुंबली आणि मैला उपसणारी गाडी मिळायला पुढे किती दिवस गेले, हे तिने मला फोनवर आधीच ऐकवलं होतं. तिचं चूक नाही. आजीच्या काळी न्हाणीचं पाणी सरळ केळीला जायचं, टाकीचा प्रश्नच नव्हता.

मी काही बोलले नाही. मावशींनीच पिशवी खाली ठेवली, हौदाच्या काठावर हात फिरवला आणि काकूला वाकून नमस्कार केला. काकू दचकून मागे सरली. "अवो, तुम्ही कशाला पाया पडताय, मोठ्या तुम्ही!" मग आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

बाहेर आली ती बादली-मग आणि साबणाची वडी घेऊन. संडासाला कुलूप घातलं, त्यासाठी तळावरच्या शौचालयांचा रस्ता दाखवला. बाथरूमचं दार मात्र उघडलं, काकांना आणि दोन्ही पोरांना रानात पिटाळलं, आणि पदर खोचून स्वतः दाराशी उभी राहिली.

"एकीला एकच बादली, माउली! डोक्यावरनं न्हायचं आसंल तर शेवटाला थांबा. आन् कडी लावा नीट, ती जराशी वर उचलून लावावी लागती."