ऊन किती वाजता जातं? डोंगरावर राहायला जाण्याआधीचे चार दिवस

सपाटीवरचं बिऱ्हाड गुंडाळून साधारण २००० मीटर उंचीवरच्या एका छोट्या शहरात राहायला जायचं आमचं ठरलं होतं. नोकरीचं काम घरूनच होणार होतं, शाळेचंही जमत होतं. धास्ती होती ती विजेच्या बिलाची. तिथे राहिलेले जे जे भेटले, त्या प्रत्येकाने हिवाळ्याच्या बिलाचा विषय आपणहून काढला होता. म्हणून सामान हलवायच्या आधी, मुद्दाम सगळ्यात थंडीच्या महिन्यात, आम्ही दोघं चार दिवस नुसती घरं बघायला गेलो. सोबत एक साधा थर्मामीटर, मोजपट्टी आणि वही घेतली. तुम्हीही असं जाणार असाल तर जा ते थंडीतच. त्याआधी चांगल्या हवेत एक फेरी झाली होती, तेव्हा आम्हाला सगळीच घरं आवडली होती.

उंची वाढली की दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचा अर्थ मुक्कामाच्या खोलीत पहिल्याच सकाळी कळला. नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरला तर पारा ७ अंशांवर थांबला. आमच्या जुन्या घरी हिवाळ्यातही नळाचं पाणी २२ च्या आसपास असायचं. मी तिथेच बसून वहीत हिशेब मांडला. २० लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत तापवायला जुन्या घरी अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागायची, इथे ०.८ युनिट लागणार. चार माणसांच्या रोजच्या एकेका बादलीचे महिन्याला ५६ च्या जागी ९८ युनिट. आपण काहीही उधळपट्टी न करता, फक्त पाणी थंड आहे म्हणून.

त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघाली. आमच्याकडे ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर होता आणि तो बरोबर न्यायचा विचार होता. २२ अंशांचं पाणी तो मिनिटाला दोन लिटरच्या वर तापवून द्यायचा. ७ अंशांचं पाणी तेवढंच गरम हवं असेल तर मिनिटाला जेमतेम सव्वा लिटर, म्हणजे करंगळीएवढी धार. असा गीझर असेल तर तो विकून या. डोंगरावर चांगलं जाड आवरण असलेला साठवणीचा गीझरच घ्या, तो न्हाणीघराच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा, आणि त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप चालू-बंद करणारी कळ, ६० अंशांच्या आसपास ठेवा. छतावर ऊन असेल तर सौर वॉटर हीटर सर्वांत उत्तम, पण पाणी गोठणाऱ्या गावात तो निर्वात नळ्यांचा, म्हणजे मधली हवा काढून टाकलेल्या दुहेरी काचनळ्यांचा असावा. साध्या सपाट पॅनेलच्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं की त्या फुटतात.

दुसऱ्या दिवसापासून घरं बघायला सुरुवात केली. पहिलं घर दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी होतं. इतकं देखणं, की बायको दारातच म्हणाली, "हेच घेऊ." शेजारच्या आजी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांना नमस्कार करून विचारलं, "आजी, इथे ऊन कसं येतं?" त्या म्हणाल्या, "येतं छान. पण जातं किती वाजता, ते विचार ना बाळा." दीड वाजता समोरच्या कड्याची सावली अंगणात उतरली आणि आजींनी ओलेच कपडे गोळा करून आत नेले. नंतरचा दिवस त्या घराला ऊन नाहीच.

ही सावली नकाशावर दिसत नाही. उत्तर गोलार्धात, ३० अंश अक्षांशावर, २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त साडेछत्तीस अंश वर असतो. दक्षिणेला त्याहून उंच कडा किंवा इमारत असेल तर त्या दिवसांत घराला दुपारचं ऊन मिळतच नाही. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि तळाशी साचते. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे सहाला आम्ही थर्मामीटर घेऊन त्या ओढ्याकाठच्या घरापाशी गेलो, मग चढाच्या मध्यावरच्या एका घरापाशी. वरच्या घरापाशी चार अंश जास्त होते. फरक होता तो फक्त वीस मिनिटांच्या चढाचा. म्हणून मी जीव तोडून सांगतो, पसंत पडलेलं घर एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीनला बघा. निम्मं बिल तिथेच ठरतं.

वरचं घर आम्ही मग बारकाईने पाहिलं. तळहाताची मागची बाजू ओली करून प्रत्येक दार-खिडकीच्या कडेने फिरवली. जिथे गार झोत लागला तिथे वहीत फुली. नऊ फुल्या झाल्या, त्यातली सर्वांत मोठी मुख्य दाराच्या उंबऱ्याशी, जिथून बाहेरचा उजेड दिसत होता. खिडक्या चार, सगळ्या एकेरी काचेच्या. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडी कमी उंच अशी एक खिडकी, आत १८ अंश आणि बाहेर शून्य असताना, सुमारे १८५ वॅट उष्णता बाहेर टाकत असते. दहा तासांच्या रात्रीत चार खिडक्यांची सात युनिटांहून जास्त. दुहेरी काचेने हे जवळजवळ निम्म्यावर येतं. आम्ही भाड्याने राहणार होतो, म्हणून काचा न बदलता खिडकीला आतून बबल रॅप चिकटवलं आणि जमिनीला टेकणारे जाड पडदे लावले. फटींना फोमची पट्टी, उंबऱ्याला दाराखालचा ब्रश. एका दिवसाचं काम आहे. छत पत्र्याचं असेल आणि खाली दुसरं छत नसेल तर मात्र ते घर सोडा. वर गेलेली ऊब तिथून थेट बाहेर जाते आणि त्यावर भाडेकरूच्या हातात फारसा उपाय नाही.

घर पसंत पडल्यावर घरमालकांकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली, मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं. एका महिन्याचं बिल काही सांगत नाही, हिवाळा आणि उन्हाळा शेजारी शेजारी ठेवले की घराची गळती कळते. ती बिलं बघतानाच दुसरी गोष्ट तपासली, मीटर घरगुती आहे की व्यावसायिक. डोंगरावरच्या गावांत बरीच घरं कधी ना कधी पाहुण्यांना खोल्या देत असतात आणि मीटर तसाच व्यावसायिक दराने राहून जातो. मंजूर भारही बघा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते. अनेक ठिकाणी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी द्यावी लागणारी रक्कम, त्यावर लागतो, मग गरजेपेक्षा जास्त भार असेल तर एकही दिवा न लावता दर महिन्याला पैसे जातात.

हीटरबद्दल दुकानांत खूप काही ऐकवलं जातं, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. तेलाचा, पंख्याचा, सळईचा, कुठलाही साधा विजेचा हीटर घ्या, एका युनिटमधून उष्णता तेवढीच निघते. तेलाचा हीटर "कमी वीज खातो" हे खरं नाही, तो हळू तापतो आणि हळू निवतो एवढंच. खरा फरक पडतो तो हीट पंपाने, म्हणजे गरम हवाही देणाऱ्या एसीने. बाहेर बरी हवा असताना तो एका युनिटच्या बदल्यात तीन युनिटांएवढी ऊब आत आणतो. पारा शून्याकडे गेला की हे प्रमाण घसरतं आणि एसीच्या बाहेर बसवलेल्या भागावरचं हिव वितळवण्यातही वीज जाते, तरी तो साध्या हीटरपेक्षा पुढेच राहतो. आम्ही तो फक्त बसायच्या खोलीत लावला आणि बाकीच्या खोल्यांची दारं लावून घेतो. झोपताना विजेचं ब्लँकेट. ८० वॅटचं ब्लँकेट रात्रभर चाललं तरी पाऊण युनिटच्या आत राहतं, २००० वॅटचा हीटर तेवढी वीज पंचवीस मिनिटांच्या आतच संपवतो. आणि काही झालं तरी बिल वाचवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही.

लांबच्या लांब तारांमुळे तिथे व्होल्टेज पडतं. संध्याकाळी आमच्याकडे २३० ऐवजी १८५ दिसायचं. अशा वेळी २००० वॅटचा गीझर जेमतेम १३०० वॅटने चालतो. बिल त्याने वाचत नाही, पाणी तापायला दीडपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ टाकीतून ऊब गळत राहते. आम्ही पाणी सकाळी लवकर तापवतो, तेव्हा व्होल्टेज बरं असतं.

फ्रिज थंड खोलीत कमी वीज खातो, पण एकच थर्मोस्टॅट असलेला फ्रिज दहा अंशांखालच्या खोलीत ठेवू नका. त्याला वाटतं आत पुरेसं गार आहे, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि फ्रीझरमधलं वितळतं. वॉशिंग मशीनचं गरम पाण्याचं बटण आम्ही विसरूनच गेलो आहोत. कपडे मात्र घरात वाळवत नाही. एक लिटर पाणी वाळताना खोलीतली दोन तृतीयांश युनिटएवढी ऊब घेऊन जातं आणि भिंतींना ओल येते ती वेगळीच. स्वयंपाक प्रेशर कुकरमध्येच. २००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांलाच उकळतं, उघड्या पातेल्यात शिजायला फार वेळ लागतो.

राहायला गेलो त्या दिवशी सामान उतरवण्याआधी मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. तुम्हीही काढा. पुढे थंडी सरली, हीटर माळ्यावर गेला, तरी बिल अपेक्षेएवढं उतरेना. एका रात्री घरातलं प्रत्येक बटण बंद केलं, फ्रिजचा प्लगही काढला आणि टॉर्च घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. मीटरवर "३२०० इम्पल्स प्रति युनिट" असं छापलेलं होतं, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असताना तो लुकलुकायला नको होता. तो दर साडेबावीस सेकंदांनी लुकलुकत होता. हिशेब केला, बरोबर ५० वॅट. शोधत शोधत घरामागे गेलो तर बाहेरच्या पाण्याच्या पाइपला, गोठू नये म्हणून, तापणारी तार गुंडाळलेली होती. तिचं बटण टाकीमागे, पत्र्याच्या डबीत. हिवाळ्यात कुणीतरी सुरू केलेलं, तेव्हापासून तसंच होतं. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. ते बंद करून पुन्हा मीटरपाशी आलो, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. दिवा एकदाही लागला नाही. आता त्या डबीच्या जागी आम्ही पाच अंशांखालीच सुरू होणारा थर्मोस्टॅट बसवून घेतला आहे.