पात्रता पर्चीवर आईचे नाव

वडील गेल्यानंतर आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे उरलो आणि रामबागेतल्या चार घरी पोळ्या लाटून आई जे आणते त्यावरच आमचे घर चालू लागले. इंदूरमध्ये रेशनच्या दुकानाला सगळे ‘कंट्रोल’ म्हणतात आणि कंट्रोलच्या रांगेत उभे राहणे आमच्या नात्यातल्या अनेकांना कमीपणाचे वाटते. मला हे फार लागते, कारण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे धान्य हक्क म्हणून दिलेले आहे.

मध्य प्रदेशात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांबरोबरच घरकाम करणाऱ्या शहरी महिला, फेरीवाले, बांधकाम मजूर यांच्याही पात्र श्रेणी आहेत. पात्रता पर्ची म्हणजे कंट्रोलवर धान्य मिळण्यासाठी लागणारी सरकारी चिठ्ठी. तिच्या अर्जासाठी समग्र या राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी पोर्टलवरचा कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येकाचा ९ अंकी क्रमांक, आधारशी जुळलेली ई-केवायसी आणि श्रेणीचा पुरावा लागतो.

आमचा अर्ज अडला तो नावावर. आपल्या पद्धतीप्रमाणे आधारवर आईच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचे नाव आहे. समग्रमध्ये मात्र फक्त नाव आणि आडनाव होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने या दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचे सांगून कागद परत केले आणि त्या फेऱ्यांत आईचे दोन दिवसांचे काम बुडाले. इथल्या मराठी घरांतल्या कितीतरी बायकांची नावे अशी दोन तऱ्हांनी लिहिलेली असतील, म्हणून कळकळीने सांगते की आधार बदलायला धावू नका, समग्रमधली नोंद आधारप्रमाणे करून घ्या. त्याच वेळी मृत्यूचा दाखला देऊन आम्ही वडिलांचे नाव कमी केले आणि आईला कुटुंबप्रमुख केले. शिधापत्रिकेसाठी घरातली १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख मानावी, असे अन्न सुरक्षा कायदाच सांगतो.

त्यानंतरही वाट पाहावी लागली, कारण लाभार्थ्यांची कमाल संख्या अजून २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली आहे. तेव्हापासून शहर किती वाढले हे डोळ्यांना दिसत असताना हा आकडा तसाच राहावा, हे मला अन्यायाचे वाटते.

पर्ची आली तेव्हा माणशी ५ किलोप्रमाणे आमचे १५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पहिल्या दिवशी कणीक मळून आणि भांडी घासून झिजलेला आईचा अंगठा यंत्राने दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा तिने पदराने बोट पुसून ठेवले, तेव्हा पावती निघाली आणि तिच्यावर तिचे तीन पदांचे पूर्ण नाव होते.