लिमिनल म्हणजे आमच्या गॅलरीतला उंबरठा

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासासाठी पाडली, त्याला येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. पाडायच्या आदल्या दिवशी आई हट्टाला पेटली, दाराचा उंबरठा काढून द्या. कपाटं, खिडक्यांचे गज, पितळी कड्या, कशातच तिचा जीव नव्हता. सुतारकाकांनी दोन तास खपून तो सागवानी तुकडा चौकटीतून अखंड सोडवला. आता तो ऐरोलीच्या भाड्याच्या घरात, गॅलरीत, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय.

मी भाषांतराची कामं करते. गेल्या महिन्यात समाजशास्त्राच्या एका पाठात 'लिमिनल' हा शब्द आला. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, अशा मधल्या अवस्थेला इंग्रजीत हा शब्द वापरतात. मराठीत काय लिहायचं? 'सीमावर्ती' लिहिलं की डोळ्यांपुढे चौकी आणि काटेरी तार उभी राहते. 'संक्रमणकालीन' बरोबर आहे, पण कोरडा आहे, सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखा. शेवटी शब्दाचं मूळ बघितलं. लॅटिनमध्ये 'लिमेन' म्हणजे उंबरठा. अगदी दाराचा, पाय ठेवून ओलांडायचा उंबरठा. मी उठून गॅलरीत गेले आणि त्या चादरीच्या वळकटीकडे बघत राहिले.

या लिमेनचं गोत इंग्रजीत बरंच पसरलंय. प्रिलिमिनरी म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडचं, आत शिरायच्या आधीचं. एलिमिनेट म्हणजे उंबरठ्याबाहेर काढणं. स्पर्धेतून कुणी 'एलिमिनेट' झालं असं आपण सहज म्हणतो, त्यात मुळात कुणाला तरी दाराबाहेर घालवलेलं आहे. सबलिमिनल म्हणजे जाणिवेच्या उंबरठ्याखाली राहिलेलं. खुद्द 'लिमिनल' हा शब्द १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रातून आला. संवेदना जिथे जेमतेम जाणवू लागते, ती ही कड.

आपला उंबरठाही मुळाशी लाकूडच आहे. तो उंबरावरून आला. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ घराचा उंबरठा असाच आहे. हे वाचलं आणि लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट आठवली. हिरण्यकशिपूला वर होता, घरात मरण नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. नरसिंहानं त्याला तिन्हीसांजेला उंबरठ्यावर मारलं. गुरुचरित्रात पुढची गोष्ट आहे, दैत्याच्या विषानं नरसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला तो औदुंबराच्या फळांनी शमला. उंबरठ्यावर सुरू झालेली गोष्ट उंबरापाशी येऊन शांत होते. आजीनं हे दोन धागे कधी जोडून सांगितले नव्हते, मला मात्र त्या दिवशी अंगावर काटा आला.

माणसाच्या आयुष्यातल्या मधल्या काळाला हा शब्द लावला तो लोकरूढींचे अभ्यासक आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी, १९०९ साली. जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू, या सगळ्या विधींचे त्यांनी तीन टप्पे मांडले: आधीच्या अवस्थेतून सुटणं, मधे असणं, नव्या अवस्थेत मिसळणं. मधला टप्पा तो लिमिनल. मला उदाहरणासाठी लांब जावंच लागलं नाही. हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही. ती पूर्वीसारखी माहेरची राहिलेली नसते आणि सासरची झालेली नसते. मग सासरच्या दारात तांदळाचं माप ओलांडते तेव्हा तो काळ संपतो, आणि संपतो तोही उंबरठ्यावरच. सुतकाचे दिवस तसेच. माझे बाबा गेले तेव्हा ते दहा दिवस घरातलं घड्याळ चालू असून थांबल्यासारखं होतं.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी झांबियातल्या एन्डेम्बू लोकांमध्ये राहून जे पाहिलं त्यावरून १९६०च्या दशकात हा विचार फार पुढे नेला. मधल्या काळातल्या माणसांचे हुद्दे, मानपान गळून पडतात आणि ती एकमेकांच्या बरोबरीची होतात, असं त्यांनी लिहिलं. हे भाषांतरताना मी थांबलेच. आमच्या इमारतीत मालक आणि भाडेकरू तीस वर्षं एकमेकांशी नीट बोलत नव्हते. आता कुणी कळव्यात, कुणी घणसोलीत, सगळेच भाड्यानं. बिल्डरकडून चार महिन्यांचं भाडं थकलंय, ताब्याची तारीख दोनदा पुढे गेलीय. पण मालकांच्या सूनबाई आजारी पडल्या तेव्हा डबा पोचवायला तळमजल्यावरचे काका गेले होते, रोज, दोन आठवडे. जागा मिळाल्यावर हे टिकेल का, याची मला मनापासून काळजी वाटते.

रोज सकाळी ऐरोलीहून लोकल धरून मी ठाण्याला जाते. ठाणं यायच्या आधी खाडी लागते. भरतीला तिथे पाणी असतं, ओहोटीला चिखल. त्या चिखलात तिवरांची मुळं जमिनीतून वर बोटं काढून उभी असतात, श्वास घ्यायला. धड जमीन नाही, धड समुद्र नाही, अशा जागेतच ती वाढतात. याच खाडीत पुढे रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मधल्या जागेचा असा मान बघितला की मला फार बरं वाटतं. ती वाया गेलेली जागा नाही, हे कागदावर आलं.

पाठात मी शेवटी 'उंबरठ्यावरचा काळ' असं लिहिलं. संपादकांनी ते ठेवलं.

शनिवारी आईनं चादर सोडली आणि लाकडाला गोडेतेल लावायला बसली. मीही फडकं घेतलं. मधोमध उंबरठा बोटभर खोल झिजलाय. उजव्या अंगाला जास्त, कारण सगळे उजवा पाय आधी टाकायचे. बाजूच्या चिरेत हळदीकुंकवाचा थर इतका घट्ट बसलाय की तो आता लाकडाचाच रंग झालाय. आईनं ती चीर पुसली नाही, तेलाचं फडकं बाजूनं फिरवलं.

तेल लावून झाल्यावर तिनं टेपनं माप घेतलं, तीन फूट चार इंच. साइटवरच्या सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, सगळ्या फ्लॅटच्या दारांचं माप एकच आहे, साडेतीन फूट."

"मग आमची चौकट दोन इंच कमी करा," आई म्हणाली. "उंबरठा तयार आहे."