आमची वाटचाल : बिनमिठाचं सोल, चुन्याचं दूध आणि खरं एचसीए

कुडाळात कोकमाचा धंदा म्हटला की आगळ, आमसूल, सरबत. आमचं युनिट पहिल्यापासून कोकमाच्या सालीतल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लासाठी, म्हणजे एचसीएसाठी उभं राहिलं. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत ते घालतात. कच्च्या मालापासूनच सांगतो, कारण सुरुवातीचे लॉट तिथेच बुडाले.

आमसुलाला मीठ लागतं, आमच्या टाकीला ते चालत नाही. खारवलेलं सोल, म्हणजे वाळवलेली साल, आत गेलं की मिठातलं क्लोराइड शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. पावडरचं वजन वाढतं, एचसीएचा टक्का पडतो आणि आम्ल व मीठ एकत्र आल्यावर स्टेनलेसच्या टाकीलाही बारीक खड्डे पडतात. म्हणून पोतं गेटवरच उघडायचं. मूठभर सोल डिस्टिल्ड पाण्यात भिजवून गाळायचं, आधी नायट्रिक आम्लाचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन. नायट्रिक विसरलात तर फळाच्या आम्लाचाच चांदीबरोबर साका बसतो आणि चांगला माल परत जातो. नुसता धुरकटपणा चालतो. दुधासारखं झालं की मीठ आहे, पोतं पुन्हा टेम्पोत.

ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, जूनपर्यंत उतरतात, शेवटचा तोडा पावसात सापडतो आणि ते सोल आतून बुरसतं. आम्ही तो घेतच नाही. बागायतदार नाराज होतात, पण त्यांना एवढंच सांगतो की बियांची रोपं लावू नका, त्यांत निम्मी झाडं नर निघतात. कलमं लावा. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ पावसाआधी हाती येते.

काढणी साध्या पाण्यात. सोलाच्या तिप्पट पाणी, असे तीन हात, म्हणजे तीनदा काढायचं. तिसरा हात पातळ येतो, तो पुढच्या लॉटला पहिलं पाणी म्हणून वापरायचा. लोखंडाचा स्पर्श कुठेच नको, रंग काळवंडतो. अर्कात पेक्टिन असतं, ते अल्कोहोलने खाली बसवलं नाही तर गाळणीचं कापड अर्ध्या तासात तुंबतं. लाल रंग कोळशावर काढायचा. त्यानंतर अर्क आटवणं, आणि नवखे बुडतात ते इथे. एचसीए मोकळ्या रूपात तापलं की स्वतःतच वळून लॅक्टोन होतं आणि ज्या कामासाठी एचसीए घेतात ते काम लॅक्टोन करत नाही. आम्ही व्हॅक्यूमखाली, साठ अंशांच्या आत आटवतो आणि पाक व्हायच्या आधीच थांबतो.

मग चुन्याचं दूध, आम्लाचा कॅल्शियम क्षार करायला. तीच आमची पावडर. फूड ग्रेड चुनाच घ्या, शिसं आणि आर्सेनिक बहुतेक वेळा चुन्यातूनच येतं. धार बारीक, ढवळणं अखंड. घाईने ओतलं तर चुन्याच्या कणावर कॅल्शियम क्षाराचं कवच बसतं, आत कोरा चुना राहतो, पीएच दुसऱ्या दिवशी आपोआप चढतो आणि राखेचा, म्हणजे जाळल्यावर उरणाऱ्या खनिजाचा, आकडा बिघडतो. पोटॅशियमचा क्षार विरघळतो छान, पण पावसाळ्यात ड्रम उघडला की दहा मिनिटांत त्याचा गोळा होतो.

आता तो प्रसंग. बाजारात माल ‘साठ टक्के एचसीए’ म्हणून विकला जातो आणि त्या काळी साठ टक्के ठरायचे टायट्रेशनवर. क्षार रेझिनवरून उतरवून आम्ल करायचं आणि कॉस्टिक सोड्याने मोजायचं. कॉस्टिकला आम्ल कळतं, कोणतं आम्ल ते कळत नाही. सायट्रिकलाही एचसीएसारखेच तीन आम्लगट. रेणूभार एकाचा १९२, दुसऱ्याचा २०८. म्हणजे १०० ग्रॅम कोरडं सायट्रिक त्या कागदावर १०८ ग्रॅम एचसीए म्हणून उतरतं! एका कारखान्याने नेमकं हेच केलं. कॅल्शियम सायट्रेटही पांढरं, तेही बेचव, भावाने कितीतरी स्वस्त. त्यांचा दर आमच्या निम्म्यावर, प्रमाणपत्र साठाचंच. आमचे ड्रम गोदामात पडून राहिले. बँकेचा हप्ता थकला. भागीदार बाहेर पडला.

गिऱ्हाइकांत टिकले ते सांगलीचे वैद्यकाका. गोळ्यांचं छोटं युनिट त्यांचं. त्यांनी दोन्ही नमुने समोर ठेवले आणि विचारलं, “तुमचंही साठ, त्यांचंही साठ. मग दुप्पट पैसे कशाचे?” उत्तर शब्दांत देण्यासारखं नव्हतं. दोन्ही नमुने एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवले. सी-अठरा कॉलम, पातळ फॉस्फरिक आम्ल, २१० नॅनोमीटर. आमच्या आलेखात एचसीएचं उंच शिखर आणि बाजूला लॅक्टोनची बारीक टेकडी. त्यांच्या आलेखात एचसीए बुटकं आणि सायट्रिकच्या जागी डोंगर. काकांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि वर्षाच्या मालाची आगाऊ रक्कम दिली. त्या पैशातून आम्ही स्वतःसाठी एक जुनं एचपीएलसी यंत्र विकत घेतलं.

हे आम्ल ओळखण्यात शास्त्रज्ञही चुकले होते. गार्सिनियातलं, म्हणजे कोकमाच्या कुळातल्या फळांतलं, आम्ल टार्टरिक आणि सायट्रिकच समजलं जायचं. मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये ते हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचं दाखवलं. पण ती चूक प्रामाणिक होती. आमच्या बाजारात झाली ती लबाडी, आणि आमचा राग अजून गेलेला नाही.

दुसरा फटका मे २००९ चा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, वजन कमी करण्याच्या एका उत्पादनाबद्दल यकृताच्या तक्रारींवरून इशारा दिला, चर्चेत एचसीएचंही नाव आलं आणि निर्यातदारांनी ऑर्डरी थांबवल्या. नंतरची वर्षं सुरळीत गेली.

चोथा आम्ही टाकत नाही. पाण्यात न उतरणारं गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य त्यातच असतं. चोथा सुकवून अल्कोहोलने काढायचा, मग हेक्झेनमध्ये घेऊन थंडीत ठेवायचा. पिवळे सुईसारखे स्फटिक बसतात. घाईने थंड केलं तर नुसता चिकट राळेसारखा थर हाती लागतो.

या धंद्यात येणाऱ्यांनी आधी व्हॅक्यूम पंप चांगला घ्यावा, इमारत नंतर. आणि पोट उतरवण्याची हमी लेबलवर लिहू नये. १९९८ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात १३५ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली. रोज दीड ग्रॅम एचसीए देऊनही रिकाम्या गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नाही. आम्ही हे गिऱ्हाइकाला मागण्याआधी सांगतो.

आज प्रत्येक ड्रमवर तीन आकडे असतात: टायट्रेशन, एचपीएलसी आणि लॅक्टोन. पहिल्या दोघांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर ड्रम गेटबाहेर जात नाही.