ना-हरकत

दादाचा फोन आला. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्याच्या नावावर व्हायचाय, माझी ना-हरकत लागेल, कागद पाठवतो, सही करून ठेव. मी "बरं" म्हटलं आणि कुकर लावला. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही.

सहीचं काही नाही. मला विचारलं का नाही, हे सलतंय.

परवानाधारकाची सत्तरी झाली की त्याला हयातीतच वारस नेमता येतो, 2016 च्या शस्त्र नियमांत तसं आहे, आणि वारसांत मुलगीही धरतात. माझंच नाव घालायला हवं होतं असं नाही म्हणत मी. पण "बाय, तुला हवी काय गो?" एवढं तरी आबांनी विचारायचं.

गोळ्या ओतताना त्यांच्या शेजारी कोण बसायचं? दादा तेव्हा क्रिकेटला. मागील दारी चुलीवर लोखंडी पळीत मासेमारीच्या जाळ्याचं जुनं शिसं वितळायला ठेवायचे. वर करडी मळी धरली की ती काडीने बाजूला सारायची, खालचं शिसं लखलखीत. पाण्याचा थेंब पडला तर तडतडून अंगावर उडतं, म्हणून ओल्या हाताने जवळ फिरकायचं नाही. साचा थंड असला की गोळ्या सुरकुतलेल्या निघत. त्या परत पळीत. साचा तापला की गुळगुळीत निघायच्या. मग गोळीची शेंडी, म्हणजे साच्याच्या तोंडाशी उरलेलं शिसं, अडकित्त्याने कापायची. त्या कामाचा अडकित्ता वेगळा, पानाच्या डब्याजवळ तो कधी जायचा नाही. कापायचं काम माझं.

आमच्याकडची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने संपली. आजोबांचे किस्से उरलेत, ते पुन्हा कधीतरी. बंदूक राहिली ती शेतासाठी. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक मुद्दाम नमूद आहे. 2024 ला 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, बंदूक पोलिसांकडे जमा, आणि इकडे भात कापणीला आलेलं. डुकरांनी खालचा मळा पार लोळवला. मी माहेरी होते. रात्रभर आबांबरोबर बांधावर पत्र्याचे डबे बडवले. दादा डोंबिवलीत.

आणि तरी मला विचारलं नाही. खंडेनवमीला झेंडूची माळ ओवायची मी, बंदुकीला ती घालायची दादाने. तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

सकाळी आंगण झाडताना जरा निवळले. दादाला तरी कुणी विचारलं असेल? थोरला म्हणून कागद त्याच्या नावाने निघाला असणार. नूतनीकरण, कचेरीच्या फेऱ्या, निवडणूक आली की रजा टाकून बंदूक जमा करायला गावी धावायचं, हे सगळं आता त्याच्या गळ्यात. आबांचा हात हल्ली कापतो. त्यावर आज लिहवत नाही.

सही मी करणार. पण कागद टपालाने नाही धाडायचा, स्वतः घेऊन जाईन आणि आबांसमोरच सांगेन, साचा, पळी आणि तो अडकित्ता मला हवाय. दादा नाही म्हणायचा नाही. साचा कुठल्या फळीवर असतो, हेही त्याला ठाऊक नाही.