कोल्ह्याच्या चाव्यानंतर सिरम मिळवताना

कोल्हा चावल्यावर मी ज्या रुग्णालयात गेलो, तिथे रेबीजची लस लगेच मिळाली. जखमेत द्यायच्या सिरमसाठी, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे असलेल्या इंजेक्शनसाठी, मात्र जे ताटकळावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही. पोटरीत दात रुतून रक्त आले होते.

"प्राणी जिवंत आहे का? दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, मग सिरमचे पाहू," असे मला सांगण्यात आले. दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरला असेल तर तो सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो, म्हणून तेवढे दिवस धडधाकट राहिलेला कुत्रा त्या चाव्यापुरता निर्धोक मानतात. रानातल्या प्राण्यांना हा हिशेब लागू होत नाही, आणि चावून पळालेल्या कोल्ह्यावर लक्ष ठेवणार तरी कोण? त्याहून गंभीर गोष्ट अशी की, लसीच्या पहिल्या मात्रेनंतर सिरम सातव्या दिवसापर्यंतच देतात. म्हणजे दहा दिवस थांबलो असतो तर ती मुदतच टळली असती. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात आणि तोवर जखमेतल्या विषाणूला तिथेच रोखण्याचे काम सिरममधली तयार प्रतिपिंडे करतात. हे मी प्रत्येक टेबलापाशी सांगत राहिलो, पण नोंदीच्या कागदावर कुत्रा आणि मांजर यांखेरीज कोणत्याही प्राण्याला जागाच नव्हती.

अखेर एका वरिष्ठ डॉक्टरांनी जखम पाहून केसपेपरवर 'तिसरा वर्ग' (लसीसोबत सिरमही लागणारा सर्वांत गंभीर वर्ग) असे लिहिले आणि सिरम जखमेत व तिच्याभोवती टोचले गेले. त्या क्षणी वाटलेला दिलासा शब्दांत सांगता येणार नाही. त्वचा भेदणारा चावा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याच वर्गात मोडतो, वटवाघळाशी आलेला थेट संपर्कही. तेव्हा हा वर्ग पहिल्याच भेटीत लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

मी घरीच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली होती. रुग्णालय कितीही जवळ असले तरी हे आधी करावे. जखमेवर टाके घालायची घाई करू देऊ नये. पूर्वी रेबीजची लस पूर्ण घेतलेल्यांना सिरम लागत नाही, त्यामुळे त्या लसीकरणाचा कागद असल्यास तो सोबत न्यावा.