देवीच्या हातात काय आहे ते बघा

रोमन नाणी म्हटलं की सगळे सोन्याच्याच नाण्यांबद्दल बोलतात, मला मात्र तांब्या-पितळेची जास्त जवळची वाटतात, कारण ती रोज बाजारात फिरलेली. सेस्टर्शियस नावाचं मोठं नाणं, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून पितळेचं, साधारण २५ ग्रॅम, हातात घेतलं की वजन जाणवतंच. एका बाजूला सम्राट आणि मागे बऱ्याचदा एखादी देवी. आता वाचता न येणाऱ्या माणसाला ही देवी कोण ते कळणार कसं? तर हातातल्या वस्तूवरून. सुकाणू असेल तर नशिबाची फॉर्चुना, तराजू असेल तर न्याय्य व्यवहाराची एक्विटास किंवा टाकसाळीची मोनेटा, सापाला भरवत असेल तर आरोग्याची सालुस.

माझी सगळ्यात लाडकी आन्नोना, म्हणजे रोमच्या धान्यपुरवठ्याची देवी. आमच्या नौपाड्यातल्या एका काकांच्या संग्रहात सम्राट अँटोनिनस पायसचं एक सेस्टर्शियस आहे, चेहरा पार झिजलाय, पण भिंगातून बघितलं की हातातल्या ओंब्या दिसतात आणि पायाशी धान्याचं माप, आपल्याकडे नवी सून ओलांडते ना अगदी तसंच भरलेलं! ऑगस्टसच्या वेळी रोममध्ये २ लाखांवर लोकांना फुकट धान्य मिळायचं आणि ते इजिप्त, उत्तर आफ्रिकेतून जहाजाने यायचं, जहाजं अडकली की शहरात दंगे. म्हणून सम्राट नीरोच्या नाण्यावर तर आन्नोना आणि पिकांची देवी सेरेस दोघी समोरासमोर, मध्ये वेदीवर माप आणि मागे जहाज. सरकार लोकांना सांगतंय की धान्य येतंय, काळजी करू नका. इतकं थेट बोलणारं चित्र एवढ्याशा जागेत बसवणाऱ्या त्या कारागिरांना खरंच सलाम.

सम्राट कॅलिगुलाने मात्र कमालच केली, स्वतःच्या तिन्ही बहिणींना सुरक्षिततेची सेक्युरिटास, एकोप्याची कॉन्कॉर्डिया आणि फॉर्चुना म्हणून नाण्यावर उभं केलं, नावांसकट. मला ते अजिबात आवडत नाही, पण नाणं देखणं आहे.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही बरं का, कल्याण आणि सोपारा ही दोन्ही बंदरं पेरिप्लसमध्ये, म्हणजे रोमन काळातल्या समुद्री व्यापाराची माहिती देणाऱ्या जुन्या ग्रीक पुस्तकात आहेत. फॉर्चुनाच्या हातातलं फळांनी भरलेलं शिंग कुशाणांच्या अर्दोक्षो देवीच्या हातातही दिसतं, तिथून समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात हळूहळू शिंगाच्या जागी कमळ येऊन ती आपली लक्ष्मी झाली.

कुणाच्या घरी असं जुनं नाणं असेल तर प्लीज चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, तो हिरवट थर गेला की ओंब्यांच्या बारीक रेघाही जातात.